पेव्हर ब्लॉकखालचा दोष आणि बारावीचा मीटर ब्रिज

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या बोअरचा पंप बंद पडला. बटण दाबलं की एमसीबी खटकन खाली. सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्यांना मार्चमध्ये बोअर बंद पडणं म्हणजे काय, हे सांगायला नको. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकात टँकर उभा होता आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर मेंटेनन्सचा हिशेब निघाला होता.

पंप पाच एचपीचा, थ्री फेज. पॅनेल पुढच्या इमारतीच्या मीटर रूममध्ये आणि बोअर पार मागच्या कुंपणाला लागून. मधे जमिनीखालून गेलेली तीन कोअरची, म्हणजे आत तीन तारांची, चार स्क्वेअर एमएमची तांब्याची आर्मर्ड केबल, वरून धातूचं कवच (आर्मर) असलेली. तिच्यावर दोन वर्षांपूर्वी वर्गणी काढून बसवलेले पेव्हर ब्लॉक. ठेकेदाराने एक फेरी मारली आणि निदान करून टाकलं: मोटर जळालेली असणार, केबलही गेली, दोन्ही नवीन टाका, ब्लॉक उखडून परत बसवायचे पैसे वेगळे. सेक्रेटरींनी ते कोटेशन माझ्याकडे पाठवलं. मी एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये तीस वर्षं सहायक होतो. त्यामुळे ज्याला वायर जोडलेली आहे ते सगळं सोसायटीत माझ्याकडे येतं, अगदी मिक्सरसुद्धा.

मोटर की केबल

सोसायटीचा वायरमन पंचविशीतला पोरगा, हाताने चांगला. त्याला म्हटलं, आधी बोअरच्या तोंडाशी केबल आणि मोटर वेगळी कर, मग मेगर लाव. मेगर म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर. पाचशे व्होल्टच्या मेगरवर मोटरच्या बाजूने वीस मेगओहमच्या वर आले. मोटर ठणठणीत होती. केबलमध्ये लाल आणि निळी कोअर आर्मरपासून शंभर मेगओहमच्या पुढे, आणि पिवळी थेट शून्यावर. मल्टिमीटरने पाहिलं तर पिवळी कोअर आणि आर्मर यांच्यात सतराच्या आसपास ओहम दाखवत होता. म्हणजे कुठेतरी इन्सुलेशन फाटून, जळून कोळसा झालेला आणि पिवळी कोअर त्या कोळशातून आर्मरला चिकटलेली. अर्धं कोटेशन तिथेच गळालं.

राहिला प्रश्न ‘कुठे?’ हा. केबल किती लांब आहे हे मात्र चोख कळलं. चांगल्या केबलच्या अंगावर दर मीटरला आकडा छापलेला असतो, बहुतेकांनी तो कधी पाहिलेलाही नसतो. पॅनेलमध्ये आकडा होता २३१, बोअरपाशी ३५१. एकशे वीस मीटर. त्यातला कुठला तरी एक मीटर नासलेला.

वायरमनची युक्ती सरळ होती. “काका, दोन्ही टोकांनी मल्टिमीटर लावू. जिकडनं कमी ओहम येईल तिकडं फॉल्ट जवळ.” विचार बरोबर आहे, पण आकडे साथ देत नाहीत. चार स्क्वेअर एमएम तांब्याचा रोध किलोमीटरला सुमारे ४.६ ओहम. आमची अख्खी एकशे वीस मीटरची कोअर म्हणजे अर्ध्या ओहमहून जराशी जास्त. फॉल्ट पार एका टोकाला असला तरी दोन वाचनांत फरक पडणार अर्ध्या ओहमचा. आणि कोळशाचा रोध सतरावर स्थिर राहतोय कुठे? पॅनेलपासून १७.४ आले, बोअरपाशी जाईपर्यंत १९, परत आलो तर १५. वादळात सुतळीने उंची मोजण्याचा प्रकार. भरीला मल्टिमीटरच्या स्वतःच्या वायरींचाच दोन-तीन दशांश ओहम.

म्हणजे असं मोजमाप हवं होतं की ज्याला त्या सतरा ओहमशी काही देणंघेणं नाही. आमच्या माळ्यावर ते होतं. कॉलेजने जुनी उपकरणं भंगारात काढली तेव्हा मी रीतसर पावती फाडून एक मीटर ब्रिज आणि एक गॅल्व्हानोमीटर घरी आणला होता. बायकोच्या मते ती शोभेची फळी.

पूल, ज्यावरून कुणी जाऊ नये

बारावीच्या प्रॅक्टिकलला हा सगळ्यांनी वापरलेला असतो: लाकडी फळी, तिच्यावर ताणलेली एक मीटर तार, खाली पट्टी, तांब्याच्या पट्ट्या आणि त्यांतल्या दोन फटी. एका फटीत माहीत असलेला रोध, दुसरीत अज्ञात. जॉकी, म्हणजे हातात धरायचं धातूचं टोक, तारेवर टेकवत जायचं. गॅल्व्हानोमीटरचा, म्हणजे बारीकसा करंटही दाखवणाऱ्या मीटरचा, काटा हलेनासा झाला की तारेच्या दोन तुकड्यांचं गुणोत्तर म्हणजेच त्या दोन रोधांचं गुणोत्तर. ही मांडणी सॅम्युअल हंटर ख्रिस्टी यांनी १८३३ मध्ये मांडली. चार्ल्स व्हीटस्टन यांनी ती १८४३ मध्ये लोकांपुढे आणली, श्रेय ख्रिस्टींनाच दिलं, तरी नाव व्हीटस्टनचंच चिकटलं. पुण्यात पूल म्हटलं की लकडी पूल नाहीतर भिडे पूल आठवतो. हा पूल भिडे पुलाच्या पावसाळी अवतारासारखा: वाहतूक पूर्ण थांबली की मगच तो आपल्याला हवी ती बातमी देतो.

त्याचा मोठेपणा असा की तो काही मोजत नाही, तुलना करतो. काटा शून्यावर आहे की नाही एवढंच पाहायचं असल्यामुळे बॅटरी उतरलेली असली तरी चालते, गॅल्व्हानोमीटरची घरं खरी नसली तरी चालतात. वाणसामानाच्या तागडीसारखं आहे. दांडी सरळ झाली की झालं.

केबलसाठी हाच पूल जरा फिरवून बांधतात. तारायंत्राच्या जमान्यापासून त्याला मरे लूप टेस्ट म्हणतात. बोअरच्या टोकाला पिवळी आणि लाल कोअर एकमेकींना जोडायच्या. मग पॅनेलपाशी पिवळीपासून निघून बोअरपर्यंत जाऊन लालने परत येणारा दोनशे चाळीस मीटरचा एकच वळसा तयार होतो, आणि त्यात कुठेतरी फॉल्टचा बिंदू. वळशाची दोन्ही टोकं मीटर ब्रिजच्या तारेच्या दोन टोकांना. आता पुलाच्या चार भुजा पाहा: तारेचे जॉकीच्या अलीकडचे-पलीकडचे दोन तुकडे, आणि केबलचे फॉल्टच्या अलीकडचे-पलीकडचे दोन तुकडे. तारेवर जॉकी जितक्या टक्क्यांवर, वळशात फॉल्ट तितक्याच टक्क्यांवर. शंभर सेंटिमीटर म्हणजे दोनशे चाळीस मीटर, एक सेंटिमीटर म्हणजे २.४ मीटर. सगळी केबल फळीवर आली.

एक गोष्ट मात्र लॅबपेक्षा उलटी. तिथे बॅटरी तारेच्या टोकांना आणि गॅल्व्हानोमीटर जॉकीला असतो. इथे बॅटरी जॉकी आणि आर्मर यांच्यात, आणि गॅल्व्हानोमीटर दोन टोकांमध्ये. त्यामुळे कोळशाचा सतरा ओहम बॅटरीच्या रांगेत जाऊन बसतो. तो वाढला की करंट कमी होईल, काटा आळशीपणे हलेल, पण शून्याची जागा सरकणार नाही. जमिनीतून काही भटका व्होल्टेज आला तर तोही बॅटरीच्याच रांगेत उभा राहतो.

पहिली रात्र, पहिला खड्डा

रात्री नऊला मीटर रूममध्ये स्टुलावर फळी मांडली. दोन्ही टोकांची केबल स्टार्टर आणि मोटरपासून सुटी आहे हे पुन्हा तपासलं. सेक्रेटरींच्या गाडीची बारा व्होल्टची बॅटरी आणली, तिच्या रांगेत गाडीचाच दहा वॉटचा बल्ब, करंट हाताबाहेर जाऊ नये म्हणून. जोडल्यावर बल्ब मंद नारिंगी पेटला, म्हणजे अर्ध्या अँपिअरच्या आतबाहेर. आणि मग ती मजा दिसली जी तीस वर्षांत लॅबमध्ये दिसली नव्हती: बल्ब मधूनच उजळे, मधूनच विझल्यासारखा होई, कारण मागच्या अंगणात कोळसा आपला रोध बदलत होता. जॉकी शून्याच्या जागी टेकवली की काटा मात्र ढिम्म. बल्ब नाचतोय आणि काटा गप्प.

जॉकी घासायची नाही, टेकवायची आणि उचलायची, हे वायरमनला दोनदा सांगावं लागलं. एका सेंटिमीटरला काटा जेमतेम एखाद-दीड घर हलत होता, म्हणून नेमकं शून्य शोधायच्या भानगडीत न पडता डावीकडे एक घर हलवणारी जागा आणि उजवीकडे एक घर हलवणारी जागा घेऊन मधला बिंदू धरला. ४०.६ सेंटिमीटर. गुणिले २.४, म्हणजे पॅनेलपासून साडेसत्त्याण्णव मीटरला थोडं कमी. केबलवरचा आकडा ३२८ च्या पुढे.

सकाळी मजूर आले. टेपने अंदाज घेऊन ब्लॉक काढले, मुरूम काढला. एक फुटावरच केबल लागली. ती अडीच फूट खाली असायला हवी, वर वाळू आणि विटा हव्यात. इथे ना वाळू ना वीट. पुसून आकडा पाहिला: ३२८, आणि पुढे मीटरभर उघडी केल्यावर ३२९. जागा अगदी हवी तीच. आणि केबल नव्या नवरीसारखी. ना डाग, ना चीर.

चेअरमन चहाचा कप घेऊन खड्ड्यापाशी आले. “काय सर, बारावीला किती मार्क होते?” खड्डा बुजवू नका, एवढं सांगून मी घरी आलो.

लीडच्या पोटातली केबल

चूक मला जेवताना कळली, आणि लाज अशी की लॅबमध्ये मी हीच चूक पोरांच्या जर्नलमध्ये लाल शाईने खूण करत आलो. दोन बाजूंची अदलाबदल करून दुसरं वाचन घेतलंच नव्हतं.

दुपारी परत मीटर रूम. काही न बदलता फक्त पिवळीच्या जागी लाल आणि लालच्या जागी पिवळी जोडली. सगळं निर्दोष असतं तर शून्य ५९.४ वर यायला हवं होतं. आलं ५६.१ वर. पिवळीच्या बाजूने मोजलं तर ४३.९. आदल्या रात्रीच्या ४०.६ शी सव्वातीन सेंटिमीटरचा फरक; जमिनीवर तो आठ मीटर.

कारण डोळ्यांसमोर लोंबत होतं. लॅबमध्ये आपण पाच-दहा ओहमचा रोध मोजतो. तिथे जोडणीच्या वायरचे दोन-तीन शतांश ओहम कुणी विचारत नाही. इथे अख्खा वळसाच एक ओहम आणि वर थोडा. मी वापरलेल्या लीड्स, म्हणजे या जोडणीच्या वायरी, पाऊण स्क्वेअर एमएमच्या. केबल चार स्क्वेअर एमएमची. म्हणजे एक मीटर लीड ही पाच मीटरहून जास्त केबलच्या बरोबरीची. मी जणू एका टोकाला पाच-सहा मीटर केबल स्वतःच्या हाताने जोडली होती. दुसऱ्या टोकाला त्याहून जास्त, कारण उजव्या लीडच्या क्लिपचे दात गंजलेले होते आणि ती धरून हलवली की काटा उडत होता. आणि बोअरपाशी वायरमनने पिवळी-लाल जोडायला वापरलेला जंपर? हाताला आली ती पातळ वायर, दोन्ही बाजूंना मगर क्लिप. त्याचे आणखी आठ-दहा मीटर.

इथे दोन्ही वाचनांची सरासरी काढून मोकळं व्हावंसं वाटतं. वायरमनने काढलीही: सव्वाबेचाळीस, म्हणजे साधारण १०१.४ मीटर. पण अदलाबदलीने डाव्या-उजव्या लीडमधला फरक तेवढा मिटतो. लीड्स आणि जंपर मिळून वळशाची जी लांबी फुगवतात ती तशीच राहते, आणि फॉल्ट कुठल्या बाजूला किती ओढला जाईल हे ती ठरवते. सरासरीवर विसंबलो असतो तर दुसरा खड्डाही कोरडाच निघाला असता, अडीच मीटरने.

संध्याकाळी वायरमन तपकीर गल्लीतून क्रिम्पिंगचे, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवायचे, तांब्याचे लग आणि नटबोल्ट घेऊन आला. बोअरपाशी पिवळी आणि लाल कोअरला लग मारून ते एकमेकांवर ठेवून बोल्टने आवळले. जंपर हा प्रकारच रद्द. पॅनेलपाशी फळी स्टुलावरून उचलून थेट केबलच्या तोंडाशी आणली आणि चार स्क्वेअर एमएमच्याच वीतभर वायरींनी जोडली. मीटर ब्रिजच्या पितळी टर्मिनलांवर काळपट थर होता तो पॉलिश पेपरने घासला. बॅटरीची वायर लांब आणि पातळ राहिली तरी हरकत नव्हती, ती त्या सतरा ओहमच्या रांगेतली.

आणखी एक शंका होती. बारावीची पोरं रोधपेटीत असा आकडा निवडतात की शून्य तारेच्या मधोमध यावं, कारण सर तसंच सांगतात. त्यामुळे वर्षानुवर्षं तीच जागा टोचून टोचून चाळीस ते साठमध्ये तार चपटी झालेली असते. आमचं शून्य नेमकं त्याच पट्ट्यात. झीज पन्नासच्या दोन्ही बाजूंना कमी-जास्त असेल, तर त्या फरकाचा परिणाम अदलाबदलीत बराचसा निघून जातो; दोन्हीकडे सारखी झालेली झीज मात्र वाचनात तशीच राहते. त्यापलीकडे जाऊन तार बदलायचा माझ्यात उत्साह नव्हता.

नवी वाचनं: सरळ ४३.२. अदलाबदल करून ५६.६, म्हणजे पिवळीकडून ४३.४. बॅटरीची टोकं उलटी करून पाहिली, दोन मिलिमीटरच्या आत. दोन्हींची सरासरी ४३.३, गुणिले २.४ म्हणजे १०३.९ मीटर. पॅनेलमधला आकडा २३१, त्यात १०३.९ मिळवले की ३३४.९. केबलवर जिथे ३३५ छापलंय, त्याच्या किंचित अलीकडे.

३३५

आता टेप कुठून लावायचा हा प्रश्नच उरला नाही, कारण कालचा फुकटचा खड्डा उघडा होता आणि त्यात ३२९ स्वच्छ दिसत होता. वळणं, पॅनेलमधला चढ, बोअरपाशी सोडलेली जादा गुंडाळी, काहीच हिशेबात धरायला नको. तिथून बोअरच्या दिशेने सहा मीटर. टेप जाऊन थांबला मोकळ्या जागेच्या कोपऱ्यात, जिथे दर वर्षी गणपतीचा मांडव पडतो.

ब्लॉक काढल्याबरोबर मुरुमात एक भोक दिसलं, रुपयाहून थोडं मोठं, आत मातीने बुजलेलं. मजुराने खुरप्याने मोकळं केलं आणि मग सगळे वाकले. मांडवाचा खांब ताणायला जी पहार ठोकतात ती इथे ठोकली गेली होती. भाद्रपदात पहारीने आर्मरची पत्ती आत दाबली, वरचं आवरण फाटलं, पुढे पावसाचं पाणी मुरलं. सहा महिने ते कुजत राहिलं आणि मार्चमध्ये पंप रोज सहा-सहा तास चालायला लागल्यावर पिवळ्या कोअरचं इन्सुलेशन तिथे जळून गेलं. केबल पुसल्यावर काळा, फुगलेला, नखाएवढा डाग, आणि त्याच्यापुढे वीतभर अंतरावर छापलेला ३३५.

वायरमनने खड्ड्यातूनच वर पाहिलं. “काका, वीतभर.” चेअरमन काही बोलले नाहीत. गेल्या वर्षी मांडवाची पहार कुणी ठोकली होती हे तिथे उभ्या असलेल्या निदान चौघांना माहीत होतं, आणि त्यातला एक कप हातात धरून उभा होता.

पुढचं काम साधं. फूटभर तुकडा कापून काढला, सरळ जॉइंटची किट भरली, आर्मरचं सातत्य दोन्ही बाजूंनी तांब्याच्या वेणीने जोडलं, आणि या वेळी केबलखाली-वर वाळू घालून वर विटा रचल्या. दुसऱ्या दिवशी मेगर: तिन्ही कोअर शंभर मेगओहमच्या वर. पंप सुरू केला, क्लॅम्प मीटरवर तिन्ही फेजचा करंट सारखा. उखडलेले ब्लॉक दोन खड्ड्यांपुरते, ते मजुरांनी त्याच दिवशी बसवले. ठेकेदाराचा फोन दोनदा आला, सेक्रेटरींनी उचलला नाही.

कापलेला तुकडा मी मागून घेतला. मीटर ब्रिजच्या शेजारी माळ्यावर ठेवलाय. आणि केबलचा सगळा मार्ग वायरमनने ब्लॉकवर पिवळ्या ऑइलपेंटने आखलाय, दर दहा मीटरला आकडा घालून. मांडवाच्या कोपऱ्यात ३३५ दुप्पट मोठा रंगवलाय.